माईंना भूल देताना

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही. होता, पण त्याची जागा ठरलेली होती. ऑपरेशन थिएटरच्या दारात आपण चपला काढतो ना, तिथंच मी देवालाही ठेवायचे आणि मग आत जायचे. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी भूल देणारी डॉक्टर होते. पेशंट शुद्धीवर आला की बाहेर नातेवाईक हात जोडून म्हणायचे, "देवानं वाचवलं हो!" मी वरून हसायचे आणि आतून चरफडायचे. अरे, देवानं वाचवलं, तर मग इतका वेळ त्याच्या उशाशी बसून एकेक श्वास राखत होती ती कोण? आणि पेशंट दगावला तर? तेव्हा मात्र देवाचं नाव कुणी घेत नसे, तेव्हा डॉक्टर हलगर्जी. श्रेय त्याला आणि शिव्या आम्हाला, असा सगळा कारभार.

त्या वर्षांत हा राग फारच वाढला होता. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. गिरगावात, लालबागेत, दादरला रोज मोर्चे, सभा, हरताळ. लाठ्या चालायच्या, अश्रुधूर सुटायचा, कधी गोळ्या सुटायच्या, आणि मग आमच्याकडे स्ट्रेचरांची रांग लागायची. कालपरवा मिसरूड फुटलेले मुलगे. काही वाचायचे, काही माझ्या डोळ्यांदेखत जायचे. बाहेर त्यांच्या आया पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "त्याची मर्जी." कसली मर्जी? असली मर्जी असणाऱ्याशी मला बोलायचंच नव्हतं. घरी आले की देव्हाऱ्याकडे पाठ करून मी जेवायला बसायचे. माझ्या सासूबाईंच्या, माईंच्या, हे लक्षात आलं होतं. त्या एकदाच म्हणाल्या होत्या, "पाठ केलीस तरी चालेल. त्याला पाठीमागूनही माणूस ओळखता येतो." मी मान न वळवता जेवत राहिले. 

आम्ही गिरगावात एका वाडीत राहत होतो. माईंचं सासर मुंबईचं जुनं, कधीकाळी घरचा जमीनजुमला असलेलं. आता दोन खोल्या, पुढची गॅलरी आणि गॅलरीत कुंडीतली तुळस एवढं उरलं होतं. घरात आम्ही तिघं. माईंचा एकुलता एक मुलगा, म्हणजे आमचे हे, सत्याग्रहात पकडले गेले आणि तुरुंगात जाऊन बसले, तेव्हा उरलो आम्ही दोघी. मी तापट, आणि माई मोठ्या गोडव्यानं टोमणे मारणाऱ्या. वाडीतल्या बायका म्हणायच्या की या दोघींना एका घरात ठेवलंय ते रामालाच ठाऊक कसं. तरी आमचं बरं चाललं होतं. मी ड्युटीवरून कितीही उशिरा आले तरी माझं ताट झाकलेलं असायचं. ते ताट कधी चुकलं नाही हे आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

एका हरताळाच्या दिवशी सकाळी मी उठले तर माई मोरीत बसून उलट्या करत होत्या. आदल्या दिवसापासून चाललं होतं म्हणे. "अजीर्ण झालंय, ओवा खाल्लाय," म्हणाल्या. मी पोटाला हात लावला तर पोट ताशासारखं ताठ. खाली जांघेत लिंबाएवढी कडक गाठ. हात लागताच त्या कळवळल्या. ती गाठ त्यांना कैक महिने होती. आत ढकलली की जायची, म्हणून बोलल्या नव्हत्या. घरात डॉक्टर सून, आणि सासू लाजेपोटी गाठ लुगड्याखाली लपवून फिरतेय! मी कपाळावर हात मारून घेतला. "माई, एका शब्दानं सांगायचं नाही?" त्या म्हणाल्या, "असलं काय सांगायचं गं सुनेला." त्या गाठीत आतडं अडकलं होतं आणि पिळलं गेलं होतं. ऑपरेशन लगेच झालं नाही तर आतडं सडणार आणि माई जाणार, इतकं ते सरळ होतं.

वाडीतल्या वकिलांच्या फोनवरून मी हॉस्पिटलची गाडी मागवली. रस्ते ओस पडले होते. लालबागेजवळ विटा नि काचांचा खच, मधूनच पळापळ. माई स्ट्रेचरवर डोळे मिटून पडल्या होत्या, ओठ हलत होते. निघताना त्यांनी जवळच्या माणसाला सांगावं तसं तुळशीला "येते हं" म्हटलं होतं आणि तिच्यावरून हात फिरवला होता. मला तेव्हा फक्त उशीर दिसत होता. मी ओरडले, "माई, झाडाशी काय बोलताय, चला!"

हॉस्पिटलात पोचलो आणि एकामागून एक कळत गेलं. आमचे मोठे भूलतज्ज्ञ दादरला अडकलेले, पोलीस त्यांची गाडी पुढं सोडेनात. दुसरे शेजारच्या थिएटरात एका जखमी माणसाला भूल देऊन बसलेले, त्यांना हलता येईना. उरले मी. आमचे सर्जन, त्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे, माझ्याकडे बघत म्हणाले, "घरच्या माणसाला आपण हात लावत नाही, हे मला कळतं. पण तासाभरानं मी आत काही करू शकेन असं नाही." मी विचारलं, कमरेत इंजेक्शन देऊन भागेल का, म्हणजे त्यांना झोपवावं लागणार नाही. सरांनी नाडीकडे बोट दाखवलं. इतक्या उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं, रक्तदाब तळाला. कमरेचं इंजेक्शन दिलं असतं तर तो आणखी कोसळला असता. म्हणजे पुरी भूल द्यायची, आणि ती मीच द्यायची.  वाटलं, यांना काही झालं तर तुरुंगात जाऊन नवऱ्याला काय सांगू? तुमच्या आईला मी झोपवलं आणि ती उठली नाही?

त्यातच वीज गेली. रस्त्यावर काहीतरी तुटलं असावं. अश्रुधुराचा वास आत येत होता म्हणून थिएटरच्या खिडक्यांची लाकडी दारं आधीच लावलेली, त्यामुळं भर दुपारी आत मिट्ट काळोख. मेणबत्ती, कंदील लावायची सोय नाही, कारण भुलीसाठी वापरतात त्या इथरची वाफ पेट घेते. आमच्या फिलोमिना सिस्टरनी हॉस्पिटलभर फिरून बॅटऱ्या गोळा केल्या आणि त्या धरायला माणसंही. अपघात विभागाच्या दारात एक गृहस्थ उभा होता. अश्रुधुरानं बेशुद्ध पडलेल्या कुण्या अनोळखी माणसाला खांद्यावर टाकून त्यानं आणलं होतं आणि त्याच्या हातात लांबलचक, गिरणीच्या राखणीला वापरतात तसली बॅटरी होती. सिस्टरनी त्याला विचारलंसुद्धा नाही. "चला, हात धुवा, तोंडाला हे बांधा आणि मी सांगेन तिथं उजेड धरा," म्हणाल्या आणि त्याला आत ओढलं. तो बिचारा "ओ बाय, ओ बाय" करत राहिला. सिस्टर कुणाचं ऐकत नसत.

भूल देण्यात सगळ्यांत नाजूक काळ असतो तो सुरुवातीचा. जागेपणी पाण्याचा थेंब चुकीच्या वाटेनं गेला तर आपल्याला ठसका लागतो. भूल दिली की घशातले हे राखणदारही झोपतात. पोटातलं काही वर आलं तर सरळ फुप्फुसात उतरतं आणि माणूस स्वतःच्याच उलटीत बुडतो. आतडं अडकलेल्या पेशंटचं तर पोट भरलेलंच असतं. म्हणून मी सगळं नीट, शिकवलं होतं तसं केलं. नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं. वीज नाही म्हणून पायानं चालवायचा पंप शोषायला जवळ घेतला. घशात बघायचं जे दिव्याचं पातं असतं, लॅरिंगोस्कोप, त्याचा दिवा पुन्हा पुन्हा लावून पाहिला. छान लागत होता. श्वासनलिकेत घालायच्या नळ्या मांडल्या. माईंचं तोंड उघडून बॅटरीनं आत बघितलं आणि कवळी काढून घेतली. यावर मात्र त्या रुसल्या. "इतक्या पुरुषमाणसांसमोर बोळकं घेऊन जाऊ होय गं?" आवाज क्षीण होता, पण टोमणा जागेवर होता. मला हसू आलं आणि रडूही आलं. कवळी सिस्टरच्या हवाली करून मी नळ्यांकडे वळले. माईंनी तेवढ्यात दोन्ही हात तोंडाशी जोडले आणि डोळे मिटले. प्रार्थना करताहेत, करू देत, म्हणून मी माझं काम करत राहिले.

मग मास्क लावून पुष्कळ वेळ नुसता ऑक्सिजन दिला. पुढं श्वास थांबणार असतो, त्या वेळेसाठीची ही शिदोरी. माई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "माई, आता झोप येईल. मी इथंच आहे." त्यांनी मास्कखालून मान हलवली. मी शिरेतून पेंटोथाल दिलं, पापण्या मिटल्या. लगोलग स्नायू सैल पाडणारं औषध दिलं. अंगभर बारीकशी थरथर उठली, शांत झाली आणि माईंचा श्वास थांबला. थांबला म्हणजे मी थांबवला. ठरवून, औषधानं. आता ऑक्सिजनची ती शिदोरी संपायच्या आत नळी आत गेली पाहिजे. हे मी शेकडो लोकांना केलं होतं. डाव्या हातात पातं घेतलं, तोंडात सरकवलं, जीभ उचलली, आणि दिवा गेला.

हलवला, पिळला, पुन्हा लावला. मेला तो मेलाच. जादा पातं शेजारच्या थिएटरात गेलेलं. बाकीच्या बॅटऱ्यांचा मिणमिणता उजेड सरांच्या बाजूला, पोटावर. माझ्या डोळ्यांपुढं काळोख, आणि हातात माझ्या नवऱ्याच्या आईचा जबडा. मी आंधळेपणानं नळी घालून पाहिली. ती मऊशा कशाला तरी अडली आणि घसरून भलत्याच वाटेनं अन्ननलिकेत गेली. काढली. मास्क लावून रबरी पिशवी दाबली, तर कवळी नसल्यामुळं गाल आत गेलेले, मास्क बसेना, हवा बाजूनं फुसकन जायची. जी थोडी आत जायची तीसुद्धा कुठंतरी अडत होती. छाती हलत नव्हती. हे मला कळेना. स्नायू सैल आहेत, घसा रिकामा आहे, मी स्वतः बघितलाय, मग अडतंय काय? सर ओरडले, "काय झालं?" मी पिशवी दाबतच राहिले. नाडीवरच्या माझ्या बोटाखाली ठोके आधी धावत होते, ते आता सावकाश व्हायला लागले. भूल देणाऱ्या माणसाला विचारा, त्या सावकाश होण्याचा अर्थ काय. माझी पाचावर धारण बसली. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते, नंतरही कधी घाबरले नाही.

तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं ते मला आठवत नाही. सिस्टर सांगतात की मी "रामा रे!" म्हणून किंचाळले. मला आठवतं ते एवढंच की मी "बॅटरी! बॅटरी इकडे! इथं धरा, इथं!" असं ओरडत होते. बिनदिव्याचं पातं मी पुन्हा तोंडात घातलं होतं आणि मला उजेड माझ्या खांद्यावरून माईंच्या तोंडात हवा होता. तो गृहस्थ टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होता. तो तसाच पुढं झुकला आणि त्यानं बॅटरीची काच माईंच्या गळ्यावर टेकवली. बाहेरून, गळ्याच्या पुढच्या बाजूला, कातडीवर! बाकी सगळा उजेड विझल्यासारखाच झाला. माझं टाळकं सरकलं. "अहो, तोंडात, तोंडात" असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि सवयीनं डोळे मात्र घशातच होते.

आतून घसा लाल झाला होता. काळोखात आपण बॅटरीवर तळहात ठेवला की बोटं कशी पेटल्यासारखी लाल दिसतात, तसा. गळ्याच्या कातडीतून, मांसातून तो उजेड आत शिरला होता. अन्ननलिकेची बाजू काळी आणि श्वासनलिकेचं दार तेवढं उजळलेलं. इतकं स्वच्छ मी ते लॅरिंगोस्कोपच्या दिव्यानंही कधी पाहिलं नव्हतं. त्या उजळलेल्या दारावर काहीतरी चिकटलं होतं. छोटंसं, काळं, कडेला कातर असलेलं. मधली शीर आणि तिच्यातून फुटलेल्या बारीक शिरा मला दिसल्या. मी चिमटा मागितला. सिस्टरनी तो नेमका माझ्या हातात दिला. ते उचललं, नळी घातली, सरळ आत गेली. पिशवी दाबली आणि माईंची छाती वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा वर आली. नाडी हळूहळू परत वेगात आली. नखांवरची निळाई गेली. सर म्हणाले, "सुरू करू?" मी म्हटलं, "करा." आणि तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. आमचा बॅटरीवाला गृहस्थ जमिनीवर आडवा झाला होता. दोघांनी त्याला उचलून बाहेर नेलं. त्याची बॅटरी सिस्टरनी घेतली आणि ऑपरेशन तिच्याच उजेडात झालं.

एका हातानं पिशवी दाबत मी चिमट्यातलं ते बघितलं. तुळशीचं पान. ओलं, मऊ पडलेलं, पण तुळशीचंच. माझ्या अंगातून कळ गेली. आपल्यात तुळशीचं पान तोंडात कधी घालतात हे काय कुणी सांगायला हवं? माणूस जायला निघाला की घालतात. ते घालायचं असतं मुलानं, नाहीतर घरच्या कुणी. मी तोंड बघितलं तेव्हा ते नव्हतं. म्हणजे नंतर, ते हात जोडले तेव्हा. पदराच्या गाठीत आणलं असेल, तेच गालात सारलं असेल. मुलगा तुरुंगात. सून डॉक्टर, देवाकडे पाठ करून जेवणारी. वेळेवर आपल्या तोंडात पान कोण घालणार? म्हणून या बाईनं स्वतःच्या हातानं स्वतःच्या तोंडात पान घातलं, आणि मी "झोप येईल हं" म्हटल्यावर शहाण्या मुलीसारखी मान हलवली. मी त्यांना जगवायला आत नेत होते आणि त्या मरायची सगळी तयारी करून माझ्यासोबत आल्या होत्या. हे कळलं आणि मी तिथं स्टुलावर बसल्या बसल्या हादरले. पिशवी दाबणारा हात तेवढा चालू होता, बाकी मी माझ्यात नव्हते. मघाची भीती परवडली, इतका हा धक्का मोठा होता. एका घरात इतकी वर्षं राहून मला माझ्या माणसाच्या मनातलं एवढंही कळू नये?

आतडं अजून जिवंत होतं. सरांनी ते सोडवलं, गरम पाण्याच्या फडक्यानं शेकलं, गुलाबी झालं तसं आत सारलं. माई डोळे उघडून, खोकून, माझा हात झटकायला लागेपर्यंत मी नळी काढली नाही. त्या खोकल्याइतका गोड आवाज मी दुसरा ऐकलेला नाही.

मग मी त्या गृहस्थाला शोधायला बाहेर आले. खरं सांगते, मनात धाकधूक होती की तो आता तिथं नसेल. अशा गोष्टी मी वाचलेल्या होत्या. संकटात कुणी येतं आणि नंतर विचारलं तर कुणी त्याला पाहिलेलंच नसतं. पण कसचं काय! तो बाकावर बसून बशीतून चहा पीत होता, कपाळावर टेंगूळ घेऊन. देवमाणूस कोकणातला होता आणि लालबागेत एका गिरणीत राखणदार होता. मला बघून तो उठायला लागला. मी त्याला बसवलं आणि वाकून नमस्कार केला. तो इतका ओशाळला की चहा सांडला. "म्हातारी वाचली मां?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, वाचल्या, आणि तुमच्यामुळं वाचल्या. बॅटरी गळ्यावर टेकवायची हे तुम्हाला सुचलं तरी कसं?

त्यानं बशी बाकावर ठेवली. मग हळूच म्हणाला, "डॉक्टरीणबाय, माका रगत बघूचा म्हटला तरी घाम फुटता. तुमी वराडलात तेवा मी डोळे घट्ट मिटलंलय. तसोच हात फुडे केलंय. बॅटरी खय टेकली, ता माका काय म्हायत?"

मी त्याच्या शेजारी बसलेच.  मला वाटलं होतं, निदान त्याला काही दिसलं असेल, काही समजलं असेल. मी डोळे फाडून बघत होते तर मला काही दिसत नव्हतं, आणि ज्यानं दाखवलं त्याचे डोळे मिटलेले होते. मग त्या खोलीत बघत होतं कोण? हा प्रश्न मी तेव्हा विचारला, आणि त्याचं उत्तर मला अजूनही देता येत नाही. गळ्यावर उजेड टाकला की आत दिसतं, यात चमत्कार काही नाही, शरीराची रचना तशी आहे. दिवा जातो, तोही यंत्राचा धर्म. माझ्या शास्त्रात याची सगळी कारणं आहेत. फक्त तो हात तिथंच का गेला, चार बोटं इकडे किंवा तिकडे का नाही, एवढ्याचं कारण नाही. मी वाद घालत नाही. कुणी योगायोग म्हणालं तर मी मान डोलावते. पण त्या दिवशी थिएटरमधून बाहेर येऊन चपला घालताना माझे डोळे वाहत होते, आणि त्याला तिथं ठेवून आपण आत जातो हा माझा समज किती पोरकट होता याचं मला हसूही येत होतं.

चौथ्या दिवशी माई पेजेवर आल्या आणि टोमण्यांवरही. तेव्हा मी पानाचा विषय काढला. रागावायचं असं ठरवून गेले होते. "माई, ते पान घशात अडकलं होतं. तुम्ही गेला असता!" त्या जराशा वरमल्या. मग म्हणाल्या, "अगं, गेले असते तर पान तोंडात असायला नको? बिनपानाची जाऊ?" मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नव्हता का? "तुझ्यावर होता म्हणून तर आत आले. पण तुझे दोन हात. ते सुया धरतील, नळ्या धरतील की म्हातारीच्या तोंडात पान घालतील? तुला त्या घाईत कशाला आणखी एक काम, म्हणून मीच घालून घेतलं." त्यात ना तक्रार होती ना टोमणा. सुनेचं एक काम वाचवलं, इतक्या सहज त्या बोलल्या. मला ते झाकलेलं ताट आठवलं. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडले. शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, कुणी गेलंबिलं की काय.

बऱ्याच वेळानं माईंनी विचारलं, "मग पुढच्या वेळी तू घालशील? शब्द दे." मी शब्द दिला. तेव्हा त्यांनी उशाखालून एक पुरचुंडी काढली. आत वाळलेली तुळशीची पानं होती, कोण जाणे किती दिवस जवळ बाळगलेली. ती माझ्या ओंजळीत ठेवून त्या म्हणाल्या, "घे. आता मला सांभाळायला नकोत." आणि कूस बदलून स्वस्थ झोपल्या. शरण जाणं म्हणजे काय, ते मी पोथ्यांमधून खूप ऐकलं होतं. पाहिलं ते तेव्हा. माई फक्त देवाला शरण गेल्या नव्हत्या, मलाही गेल्या होत्या. आणि जिला कुणी असं शरण येतं, तिला स्वतःच्या हुशारीवर विसंबून राहायची सोय उरत नाही. तिलाही मग कुणापुढं तरी हात पसरावेच लागतात.

माझ्या कामात तसूभर कसूर मी त्यानंतरही केली नाही. उलट जादा पातं नि जादा दिवा आता पदराला बांधल्यासारखा जवळ असतो. देव आहे म्हणून दिवा तपासायचा नाही, असलं अध्यात्म मला मान्य नाही, आणि त्यालाही नसावं. पण सगळं तपासून झालं, सगळं मांडून झालं की पेशंटला झोपवण्याआधी मी क्षणभर थांबते आणि मनात म्हणते, बाबा रे, मला दिसेल तेवढं मी बघते, बाकीचं तू बघ. मग सुई हातात घेते.

आणखी एक झालं. तोंड तपासताना मी आता प्रत्येकाला विचारते, "तोंडात काही ठेवलंय का? देवाचं असलं तरी सांगा, मी रागावणार नाही." बहुतेक जण नाही म्हणतात. पण एखादी म्हातारी काहीच बोलत नाही, ओठ घट्ट मिटून छताकडे बघत राहते. मग मी हातमोजे काढते, उघडा हात तिच्या हनुवटीखाली धरते आणि तिच्या कानाशी वाकून म्हणते, "माझ्याकडे द्या. वेळ आलीच तर मी घालीन, शब्द देते." ती मान वळवून माझ्या डोळ्यांत नीट बघून घेते, आणि तोंड उघडते.